आश्विनाला रूप देणारी माती : खानदेशची गुलाबाई

खानदेशात ऋतू पालटल्याची वर्दी कुंभारवाड्यातून येते. श्रावण संपता संपता तेथे पोळ्याचे बैल मांडलेले दिसतात, दिवाळीच्या तोंडावर पणत्या आणि बोळकी. या दोहोंच्या मध्ये, गणपती उठण्याच्या सुमारास, मातीची एक लहानशी जोडी बाजारात येते : लुगडे नेसलेली, कपाळी ठसठशीत कुंकू ल्यालेली बाई आणि तिच्या शेजारी फेटा बांधलेला पुरुष. ही गुलाबाई आणि हे गुलोजी. विदर्भात आणि खानदेशाच्या काही भागांत त्यांनाच भुलाबाई-भुलोजी म्हणतात. रुसलेल्या शंकराला रिझवण्यासाठी पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले, या लोककथेशी ही जोडी निगडित आहे.

गुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला निरोप घेते. पुरा एक चांद्रमास तिचा मुक्काम. आपल्या समाजाच्या दिनदर्शिकेत हा महिना दोन पर्वांच्या मध्ये नेमका बसतो. दिगंबर घरांत अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाबाईचे आगमन. आणि श्वेतांबर घरांत आश्विनातील नवपद ओळी ज्या पौर्णिमेला पूर्ण होते, त्याच पौर्णिमेला तिची पाठवणी.

दुकानाच्या गादीवरूनही हा महिना निराळा दिसतो. आरंभीचा पंधरवडा पितरांचा. खरेदी मंदावते, शुभकार्ये थांबतात. त्या थंड पडलेल्या दिवसांत मुलींची गाणी मात्र सुरू असतात. तोवर उडीद-मुगाची आवक वाढते, ज्वारीचे कणीस भरते, दसऱ्याच्या आगेमागे कापसाच्या वेचणीला हात लागतो. अमळनेरसारख्या कापूस आणि धान्यावर उभ्या राहिलेल्या पेठेत याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको : पावसाळाभर वाढत गेलेली उधारी वहीत खाली उतरू लागण्याचा हा काळ. या पालटाला चेहरा द्यायचा झाला, तर तो गुलाबाईचाच द्यावा लागेल. तिच्यासाठी मखर करतात तोही ज्वारीच्या ताज्या धांडांचा, कणसांसकट. शेतात जे उभे आहे तेच तिच्या डोक्यावर छत्र होते.

ऋतूला मूर्त रूप देण्याची ओढ सर्वत्र आहे. पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्राच्या पावसासाठी पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात. फ्रान्समध्ये उदों या शिल्पकाराने १७८३ साली हिवाळा संगमरवरात घडवला : डोके आणि खांदे शालीत गुंडाळलेली, कुडकुडणारी तरुणी. ती आज माँपेलिएच्या संग्रहालयात आहे आणि तेथे बाराही महिने हिवाळाच असतो. आमची गुलाबाई महिनाभर राहते आणि जाते. मला तिचे हे जाणेच अधिक खरे वाटते. ऋतू कधी मुक्कामाला राहिल्याचे कोणी पाहिले आहे?

मारवाडातून येऊन खानदेशात स्थिरावलेल्या घरांना ही जोडी पाहताच गणगौर आठवावी. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चैत्र शुद्ध तृतीयेपर्यंत पुजली जाणारी ईसर-गौर हीही शंकर-पार्वतीच. एक जोडी उन्हाळ्याच्या उंबरठ्यावरची, दुसरी सुगीच्या. ज्या घरांतील आजींनी माहेरी गौर पुजली, त्यांच्या नातींनी शेजारच्या ओट्यावर गुलाबाईची गाणी म्हणावीत, यात परके असे काहीच नाही.

त्या गाण्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. त्यांत देवाची स्तुती कमी, सासर-माहेर अधिक. सासूचा धाक, नणंदेचा नखरा, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे, हे सारे सात-आठ वर्षांच्या मुली टिपऱ्यांच्या तालावर हसत म्हणतात, आणि मग झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्यासाठी भांडतात. सासरी जाण्याची ही पहिली उजळणीच. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहात जतन केल्या. या गाण्यांचे जतन मात्र मुलींच्या तोंडूनच होत आले. म्हणून ज्या घरात मूर्ती येणे थांबते, तेथे दोन पिढ्यांत गाणीही संपतात. जळगावात केशवस्मृती सेवासंस्था समूह भुलाबाई महोत्सव भरवतो. तो स्तुत्यच आहे. तरी रंगमंचावरचे गाणे आणि ओट्यावरचे गाणे यांत अंतर राहतेच.

आता मातीकडे वळू. ‘टेराकोटा’ या इटालियन शब्दाचा अर्थच भाजलेली माती. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. म्हणून तर हजारो वर्षांपूर्वीची खापरे आजही पांढरीच्या टेकाडांत सापडतात. कच्ची माती विरघळते, आणि विसर्जनाच्या मूर्तीचा तोच गुण. त्यातही नवल असे की पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरात मातीच्या झाकलेल्या पेटीत ठेवलेली न भाजलेली स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत मातीचा बैलही. भट्टी न पाहिलेली ती माती तीन हजार वर्षे टिकली, ती केवळ कोणी जपून ठेवल्यामुळे.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी. ते पाण्याने विरघळत नाही, उलट पाण्यानेच घट्ट होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्ती टाळण्यास सांगितले आहे. सूक्ष्म जीवांना इजा नको म्हणून चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, हे जाणणाऱ्या घरांनी बोरीच्या पाण्यात काय सोडावे याचा विचार शासनाने सांगण्याआधीच करायला हवा होता.

मूर्ती घेताना तिचा तळ पाहावा. रंग सहसा तेथवर पोचत नाही. माती असेल तर तपकिरी किंवा काळसर दिसते, प्लॅस्टर पांढरे. वजनानेही फरक कळतो, माती हाताला जड लागते. मात्र मातीची मूर्ती हवी असेल तर कुंभारदादांना आधीच सांगून ठेवावे. भाद्रपदातील दमट हवेत ओली माती सावकाश सुकते, घाईने उन्हात ठेवली तर तडकते, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात गेल्यास उरलेली असते ती प्लॅस्टरचीच.