फ्रिजमधलं इंजेक्शन

जतहून मिरजेला किंवा दहिवडीहून साताऱ्याला जाऊन किमो घेऊन परतणाऱ्या पेशंटच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटात गुंडाळलेली एक छोटी डबी पुष्कळदा असते. घरात तिला ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात. डबीवर नाव असतं फिल्ग्रास्टिम. उद्यापासून रोज एक, गावातल्या डॉक्टरांकडून घ्या, एवढं सांगून पेशंटला घरी सोडलेलं असतं.

किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढणाऱ्या, म्हणून त्याही सापडतात. जंतूंना पहिल्यांदा भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. रक्तात त्या जेमतेम काही तास टिकतात, त्यामुळे मज्जेतून येणारा पुरवठा आटला की लगेच तुटवडा जाणवतो. बऱ्याच किमोंमध्ये सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान न्यूट्रोफिलचा आकडा तळाला जातो.

मज्जेला ‘पेशी बनव’ असं सांगणारं प्रथिन शरीरात मुळातच असतं. त्याचं जनुक १९८६ मध्ये हाती आलं. ते ई. कोलाय या जिवाणूत घालून औषध बनवण्यात आलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे भारतीय कंपन्यांनीही ते बनवायला घेतलं, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

आता सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात घ्या. सगळ्यांची नजर जाते ती एकूण पांढऱ्या पेशींवर. समजा त्या २,००० आहेत आणि न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे कामाच्या पेशी फक्त ४००. हा आकडा ५०० च्या खाली गेला की साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. हा गुणाकार घरातल्या शाळकरी मुलालाही जमेल, आणि तो शिकवलेला बरा.

इंजेक्शनचा खरा घोळ वेळेचा. किमो संपल्यावर निदान २४ तास जाऊ द्यावे लागतात. घाईने आधीच टोचलं, तर मज्जेत नव्याने वाढू लागलेल्या पेशी किमोच्याच तावडीत सापडतात. दुसरी चूक जास्त फसवी. पहिल्या एक-दोन डोसांनंतर आकडा एकदम वर जातो. ती वाढ मज्जेतला साठा बाहेर पडल्याची असते आणि तळ अजून पुढेच असतो. ‘पेशी वाढल्या की’ म्हणून उरलेली इंजेक्शनं परत करणारे नातेवाईक नेमके इथे चुकतात. किमोच्या प्रत्येक फेरीला एकदाच घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शनही मिळतं. रोज टोचून घेणं जमण्यासारखं नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

डबी २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीझरमध्ये नाही, आणि जोराने हलवायचीही नाही. लोडशेडिंगच्या गावात हे वाचायला सोपं, पाळायला अवघड. मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवून रोज एक आणणं हा आपल्याकडचा चांगला तोडगा आहे. इंजेक्शनानंतर कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. मज्जा कामाला लागल्याची ती खूण, बहुधा साध्या गोळीने भागतं. मात्र डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जावं. क्वचित प्लीहेला इजा होते.

हे ताकदीचं इंजेक्शन नव्हे. किमो न घेणाऱ्या अशक्त माणसाने शेजाऱ्याचं बघून घ्यायचं तर अजिबात नाही. आणि पपईच्या पानांचा रस, ज्याची चर्चा डेंगीत प्लेटलेटसाठी होते, त्याचा न्यूट्रोफिलशी संबंध जोडू नये.

इंजेक्शन चालू असतानाही ताप येऊ शकतो. थर्मामीटरवर १००.४ च्या वर आकडा गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका; गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. रात्री दोन वाजले असले तरी किमो जिथे चालू आहे तिथे फोन करा, गाडी काढा, आणि दारातच सांगा: किमोचा पेशंट आहे, ताप आहे.