तेलाचं बंदर वाऱ्याकडे वळतं तेव्हा

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एस्बियर्ग हे एकेकाळचं मच्छीमारांचं बंदर. १९७२ मध्ये उत्तर समुद्रातून तेल येऊ लागलं आणि बंदराचा धंदा बदलला. २००२ मध्ये जवळच्या हॉर्न्स रेव्ह इथे भर समुद्रात ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा तो पुन्हा बदलला. तळावर पाय रोवून उभी राहणारी जहाजं, पाणबुडे, वेल्डर, हवा बघून काम थांबवणारे मुकादम. तेलासाठी कमावलेलं हे सगळं कसब पवनचक्क्यांनाही लागतं. एकेकाळी ‘डॅनिश ऑइल अँड नॅचरल गॅस’ असं नाव असलेल्या कंपनीने २०१७ मध्ये तेल-वायूचा व्यवसाय विकून टाकला आणि ती ‘ऑर्स्टेड’ झाली. डिसेंबर २०२० मध्ये देशानेच तेलशोधाच्या परवान्यांची नवी फेरी रद्द केली आणि २०५० पर्यंत उपसा थांबवायचं ठरवलं.

पण वारा आला म्हणून समुद्राचा त्रास संपत नाही. उथळ पाण्यात पवनचक्कीचा पाया म्हणजे पोलादाची अवाढव्य नळी. हायड्रॉलिक घणाचे घाव घालून ती तळात ठोकतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो आणि फार दूर पोचतो. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातलग प्रतिध्वनीवरच भक्ष्य शोधतो; ठोकाठोकी सुरू झाली की तो कित्येक किलोमीटर लांब निघून जातो, हे हॉर्न्स रेव्हच्या परिसरात नोंदलं गेलं आहे. जर्मनीने त्यावर मर्यादाच घातली: पायापासून ७५० मीटरवर एका घावाचा आवाज १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. (पाण्यातले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, हवेतल्या आकड्यांशी त्यांची तुलना होत नाही.) ही मर्यादा पाळायला अभियंते खांबाभोवती तळावर भोकं पाडलेला पाइप गोल अंथरतात आणि त्यात दाबाने हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांची भिंत आवाज बराच अडवते. मर्यादा कडक होती म्हणून हे तंत्र झपाट्याने सुधारलं. कंपन्यांच्या सद्भावनेवर सोडलं असतं तर एवढा खर्च कोणी केला असता, असं मला वाटत नाही.

डेन्मार्कमध्ये ज्यांची मासेमारीची जागा जाते त्यांच्याशी भरपाईची बोलणी करणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. भरपाईच्या पुढे जाऊन मालकीतही वाटा मिळू शकतो: कोपनहेगनसमोरच्या मिडेलग्रुंडेनमधल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या हजारो नागरिकांच्या सहकारी संस्थेने उभारल्या. साखर कारखाने आणि मच्छीमार सोसायट्या चालवणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

नॉर्वेची वाट मात्र मला पटत नाही. तिथल्या ‘हायविंड टॅम्पेन’च्या ११ तरंगत्या पवनचक्क्या वीज देतात ती तेलाच्याच प्लॅटफॉर्मना. उपशाचा धूर कमी झाला, उपसा चालूच. तेलाकडून वाऱ्याकडे वळण्याचं काम बाजाराच्या भरवशावरही होत नाही: डेन्मार्कने अनुदानाशिवाय काढलेल्या उत्तर समुद्रातल्या निविदेला डिसेंबर २०२४ च्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

आपल्याकडे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईसमोरच्या समुद्रात मुंबई हायचं तेल शोधलं. न्हाव्याच्या तळावरून तिकडे माल जातो. समुद्रात बांधकाम करण्याचा आपला सगळ्यात मोठा अनुभव या पट्ट्यात आहे. पवनचक्क्यांसाठी मात्र पहिली निवड गुजरात आणि तमिळनाडूची झाली. जून २०२४ मध्ये केंद्राने १,००० मेगावॉटच्या योजनेला ७,४५३ कोटी रुपये मंजूर केले, त्यातले ६०० कोटी दोन बंदरांसाठी. एवढ्या पैशात मुंबई हायच्या कामगारांच्या प्रशिक्षणाचाही वाटा असायला हवा होता.

त्यांच्या जिवाचाही विचार हवा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला आणि सत्तरांहून अधिक माणसं गेली, बहुतेक कंत्राटी. समुद्रातल्या पवनचक्क्यांचं कामही अशाच जहाजांवरून, अशाच कंत्राटी माणसांकडून होणार. वादळाचा इशारा आला की बार्ज किनाऱ्याला आणायचा निर्णय कोणाचा आणि किती तासांत, हे निविदेत स्पष्ट लिहिलेलं असावं.

गुजरातमध्ये पवनचक्क्यांसाठी निवडलेल्या समुद्रपट्ट्यासमोर जाफराबाद आहे. तिथले मच्छीमार आपल्या कोळ्यांसारखीच बोंबलासाठी डोल जाळी लावतात, भरती-ओहोटीच्या ओढीत, ठरलेल्या जागी. किनाऱ्याला येणाऱ्या वीजवाहिन्यांचा मार्ग आखण्याआधी या जागा त्यांच्यासोबत बसून नकाशावर उतरवाव्या लागतील, कारण बऱ्याच जागा फक्त त्यांनाच माहीत आहेत.