कोविड-१९ महासाथ आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ज्येष्ठांचे मानसिक आरोग्य

कोविड-१९ महासाथीच्या काळातील हृदयविकाराचा धोका असलेल्या ज्येष्ठ व्यक्तींचे मानसिक आरोग्य हा वृद्धवैद्यक, हृदयरोगशास्त्र आणि मानसोपचारशास्त्र या तिन्ही शाखांना स्पर्श करणारा विषय आहे. साधारणपणे साठ वर्षांवरील ज्या व्यक्तींना उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, रक्तातील मेदाचे वाढलेले प्रमाण किंवा आधीचा हृदयविकार आहे, त्यांच्यावर महासाथीचे दुहेरी सावट होते. विषाणूच्या संसर्गाने त्यांच्या जिवाला इतरांपेक्षा अधिक धोका होता. तो टाळण्यासाठी पत्करलेल्या एकांतवासाचा भार त्यांच्या मनावर आणि मनाच्या द्वारे पुन्हा हृदयावर पडत होता.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे ४४,७०० निश्चित रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यानुसार एकूण मृत्युदर २.३ टक्के होता. मात्र ८० वर्षे व त्यावरील रुग्णांत तो १४.८ टक्के आणि हृदयरक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांत १०.५ टक्के होता. हे आकडे वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. वय आणि हृदयविकार या दोन्ही निकषांत बसणाऱ्या व्यक्तींना त्यांतून आपण सर्वाधिक धोक्यात असल्याचा संदेश मिळाला.

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. ४ मे पासूनच्या टप्प्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या आदेशात ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि सहव्याधी असलेल्या व्यक्ती यांनी अत्यावश्यक गरजा व वैद्यकीय कारणे वगळता घरातच राहावे, असे नमूद होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील लोकसंख्या १० कोटींहून अधिक होती. त्यामुळे या निर्बंधांची व्याप्ती फार मोठी होती.

मन आणि हृदय यांचा संबंध

मानसिक ताण आणि हृदयविकार यांचा संबंध महासाथीपूर्वीच प्रस्थापित झाला होता. ५२ देशांत केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी निगडित नऊ प्रमुख घटकांमध्ये धूम्रपान, उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्या जोडीने मनोसामाजिक घटकांचाही समावेश आढळला. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतरचे नैराश्य हा रुग्णाच्या पुढील वाटचालीसाठी धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस केली.

हा संबंध दोन मार्गांनी घडतो. पहिला मार्ग शारीरिक आहे. दीर्घकाळच्या भीतीमुळे अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित राहते. ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि दाहप्रक्रिया वाढीस लागते. दुसरा मार्ग वर्तनाचा आहे. निराश व्यक्ती औषधे घेण्यात हयगय करते, चालणे सोडते, तिचे खाण्याचे व झोपेचे वेळापत्रक बिघडते आणि तंबाखूसारखी व्यसने बळावतात. टाळेबंदीत हे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले झाले.

तीव्र भावनिक आघातामुळे हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन तात्पुरते मंदावते, त्या अवस्थेस ताकोत्सुबो विकार म्हणतात. जपानी वैद्यकतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास तिचे वर्णन केले. आठपाद पकडण्याच्या जपानी मडक्याशी हृदयाच्या डाव्या जवनिकेचा आकार मिळताजुळता दिसतो, म्हणून हे नाव पडले. हा विकार प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील दोन रुग्णालयांत मार्च-एप्रिल २०२० मध्ये हृदयविकाराच्या तीव्र लक्षणांसह दाखल झालेल्या रुग्णांपैकी ७.८ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. महासाथीपूर्वीच्या काळात हे प्रमाण सुमारे १.७ टक्के होते. या रुग्णांपैकी कोणालाही कोविडचा संसर्ग नव्हता.

ताणाची कारणे

एकाकीपणा: ज्येष्ठांचा दिनक्रम बहुधा घराबाहेरच्या छोट्या भेटीगाठींवर उभा असतो. सकाळचा फेरफटका, देवदर्शन, वाचनालय, भजनी मंडळ, बागेतला कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक हे सारे एकाच दिवशी थांबले. महाराष्ट्रात २०२० ची आषाढी वारी पायी निघू शकली नाही. संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या वृद्धांसाठी हा केवळ प्रवासातला खंड नव्हता. वर्षभराचे चालणे, सोबत आणि श्रद्धा यांना बांधून ठेवणारा धागाच तुटला होता.

औषधांविषयीची भीती: रक्तदाबावरील काही औषधांमुळे (एसीई प्रतिबंधक व तत्सम गट) कोविड अधिक गंभीर होतो, अशी शंका २०२० च्या आरंभी पसरली. हृदयरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत, असे मार्च २०२० मध्येच स्पष्ट केले. पुढे ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर झालेल्या ब्रेस कोरोना या चाचणीत औषध थांबवणे आणि चालू ठेवणे यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

रुग्णालयाची भीती: संसर्गाच्या भयाने छातीत दुखत असूनही अनेकांनी रुग्णालयात जाणे लांबवले. इटलीतील ५४ रुग्णालयांच्या पाहणीत १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत ४८.४ टक्क्यांनी घटली. झटके कमी झाले असावेत, असा याचा अर्थ लावता येत नाही; कारण तीव्र स्वरूपाचा झटका आलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण त्याच काळात ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेले होते.

अपुरा शोक: जोडीदार, भावंडे किंवा मित्र यांचे निधन झाले असता अंत्यदर्शन घेता आले नाही, सांत्वनाला कोणी येऊ शकले नाही. शोक व्यक्त करण्याच्या रूढ वाटा बंद झाल्याने दुःख लांबत गेले.

उपयुक्ततेची भावना हरवणे: 'तुम्ही घरातच बसा' हे वाक्य काळजीचे असले तरी वारंवार ऐकणाऱ्यास ते परावलंबी करून टाकते. महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरील कलाकार व कर्मचाऱ्यांना चित्रीकरणस्थळी येण्यास केलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी रद्द ठरवली. संरक्षण आणि उपजीविकेचा हक्क यांतील तोल हा केवळ कायद्याचा नव्हे, तर मानसिक आरोग्याचाही प्रश्न होता.

निदानातील अडचणी

चिंता, हृदयविकार आणि कोविड यांची अनेक लक्षणे समान आहेत. छातीत जडपणा, धाप, धडधड, थकवा व निद्रानाश ही तिन्हींत आढळतात. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका संभवतात: चिंतेचा झटका हृदयविकार समजून घबराट वाढणे, आणि खरा हृदयविकार 'मनाचा खेळ' समजून दुर्लक्षिला जाणे. दुसरी चूक जिवावर बेतणारी असते. म्हणून ज्येष्ठांच्या छातीतील नवीन वेदना, घाम व धाप यांचा विचार प्रथम हृदयविकार म्हणून करावा, असा वैद्यकीय संकेत आहे.

नैराश्यही वृद्धांत नेहमी 'दुःख' या रूपात प्रकट होत नाही. अंगदुखी, भूक मंदावणे, विसरभोळेपणा, चिडचिड, बोलणे कमी होणे अशा रूपांत ते दिसते आणि घरचे लोक त्यास वयाचा परिणाम मानतात. चाचणीसाठी वृद्धांकरिता तयार केलेली नैराश्य मापनश्रेणी वापरली जाते.

सर्व ज्येष्ठ सारखे नव्हेत

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महासाथीच्या पहिल्या वर्षी जगभरात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. मात्र अधिक फटका तरुणांना व स्त्रियांना बसला. अनेक देशांतील पाहण्यांत ज्येष्ठांनी तरुणांपेक्षा कमी मानसिक त्रास नोंदवला. आयुष्यातील पूर्वीच्या संकटांचा अनुभव व भावनांवरील ताबा ही त्याची कारणे मानली जातात. परंतु सरासरी आकडा सर्वांना लागू होत नाही. एकटे राहणारे, आर्थिकदृष्ट्या परावलंबी, ऐकू वा दिसू न येणारे आणि अनेक व्याधी असलेले ज्येष्ठ यांची स्थिती वेगळी होती. शिवाय अशा व्यक्ती दूरध्वनी किंवा इंटरनेटवरून होणाऱ्या पाहण्यांत सहसा येत नाहीत.

उपाय व सेवा

भारतात दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. त्यामुळे रक्तदाब व मधुमेहाच्या नियमित रुग्णांना घरबसल्या सल्ला मिळणे शक्य झाले. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. लसीने संसर्गाची भीती कमी केली. तथापि भ्रमणध्वनीवरून नोंदणी करणे अनेक वृद्धांना कठीण गेले आणि नातवंडांची किंवा शेजाऱ्यांची मदत घ्यावी लागली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस (१४४१६) ही सेवा उपलब्ध झाली.

घरगुती पातळीवर ठरावीक वेळी फोन करणे, बातम्या पाहण्याचा काळ मर्यादित ठेवणे, घरात किंवा गच्चीवर चालणे, औषधांचा महिनाभराचा साठा ठेवणे आणि घरातील एखादे नेमके काम ज्येष्ठांकडे सोपवणे हे उपाय उपयुक्त मानले जातात. गरज भासल्यास समुपदेशन व औषधोपचार करता येतात. हृदयरुग्णांत सर्ट्रालिन या औषधाच्या सुरक्षिततेचा चांगला अभ्यास झालेला आहे. याउलट जुन्या त्रिचक्रीय गटातील औषधे हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकत असल्याने सहसा टाळली जातात. कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करणे आवश्यक असते.

महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ संबंधीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या काळाने एक गोष्ट अधोरेखित केली: शारीरिक अंतर राखणे आणि सामाजिक संबंध तोडणे या दोन भिन्न बाबी आहेत. पुढील साथीत ज्येष्ठांच्या संरक्षणाचे नियोजन करताना त्यांच्या हृदयाची तपासणी, औषधांचा पुरवठा आणि माणसांशी असलेला संपर्क या तिन्हींचा एकत्रित विचार करण्याची गरज आहे.