कागदाने राखलेला किल्ला

सोलहून मेट्रोने दक्षिणेकडे निघालं की साधारण तासाभरात सुवॉन शहर येतं. बाजारपेठा, वस्ती आणि वाहते रस्ते पोटात घेऊन इथे जवळपास पावणेसहा किलोमीटरची तटबंदी उभी आहे. हा ह्वासॉन्ग किल्ला.

त्याच्या मुळाशी पितृशोक आहे. १७६२ मध्ये जोसॉन घराण्याचा राजा यॉन्गजो याने आपला मुलगा, युवराज सादो, याला तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडून मारलं. सादोचा मुलगा जॉन्गजो पुढे राजा झाला. १७८९ मध्ये त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि १७९४ मध्ये तिथल्या नव्या शहराला कोट घालायला सुरुवात केली.

आराखडा विद्वान जॉन्ग याक-यॉन्ग याचा. जड शिळा उचलण्यासाठी त्याने कप्प्यांचं यंत्र तयार केलं. मजुरांना वेठीला न धरता मजुरी दिली गेली. तीन वर्षांच्या आत, १७९६ मध्ये, किल्ला पूर्ण झाला.

तट चालत पाहावा. पाल्दालसान टेकडीवरच्या सेनापतीच्या चौकीतून सारं शहर दिसतं. दरवाजांपुढे शत्रूला अडवणाऱ्या अर्धगोल भिंती आहेत. आतून पोकळ बुरुजांत मजले काढून जंग्या ठेवल्या आहेत. पाच धुराड्यांचा इशारा-बुरूज धुराने आणि जाळाने संकटाची वर्दी देई. उत्तरेला सात कमानींखालून ओढा शहरात शिरतो.

जपानी राजवटीत आणि कोरियन युद्धात किल्ल्याची फार हानी झाली. उत्तरेचा जांगानमुन दरवाजा युद्धात उद्ध्वस्त झाला. १९७० च्या दशकात तो पुन्हा उभारला गेला, तोही अंदाजाने नव्हे. १८०१ मध्ये छापलेल्या बांधकामाच्या अहवालात इमारतींची चित्रं, साहित्य, खर्च, कारागिरांची नावं आणि त्यांची मजुरी, सारं नोंदलेलं होतं. त्याच्याच आधाराने किल्ल्याची दुरुस्ती झाली आणि १९९७ मध्ये ह्वासॉन्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

तिथे गेलात तर दक्षिणेचा मूळ पाल्दालमुन आणि नव्याने उभारलेला जांगानमुन, दोन्ही दरवाजे आवर्जून पाहा. वास्तू जपायची तर दगडांइतकीच तिची नोंदही जपावी लागते, हे ते दोन दरवाजे पाहिले की पटतं.