जुना ट्रॅक्टर धूर ओकतोय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

पेरणीच्या तोंडावर जुना ट्रॅक्टर रुसला की पहिला सल्ला मिळतो, ‘इंजिन बांधावे लागेल.’ लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वर मजुरी. हा खर्च अल्पभूधारकाच्या एका हंगामाच्या बियाणे-खतापेक्षा जास्त होऊ शकतो. शिवाय गाडी मिस्त्रीकडे अडकली की वाफसा निघून जातो. पण ओढ कमी होणे, मध्येच बंद पडणे किंवा धूर येणे या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा बाहेरच्या, स्वस्त भागांत सापडते. म्हणून आधी हवा, मग डिझेल, बॅटरी आणि पाणी तपासा. इंजिन खोलायचे ते सर्वांत शेवटी.

आमच्याच घरी हा क्रम चुकला होता. काळा धूर येतो म्हणून वडिलांनी रिंगा-पिस्टन बदलून घेतले. ट्रॅक्टर घरी आला, नांगर जोडला, तर धूर तसाच! मग एअर क्लीनर उघडला. तळाच्या वाटीत तेलाऐवजी घट्ट चिखल होता.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, किंवा इंजिनावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार. आधी एअर क्लीनर पाहा. तेलाची वाटी असेल तर जुने तेल टाकून वाटी व जाळी डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरा. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिनात ओढले जाते. रोटाव्हेटर किंवा मळणीच्या धुळीत ही वाटी रोज पाहावी. क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चिरलेला नाही ना, हेही बघा. त्या चिरेतून गेलेली धूळच पुढे रिंगा खाते. हवेची वाट मोकळी असूनही काळा धूर राहिला, तर नोझल काढून डिझेल पंपाच्या दुकानात तपासून घ्या.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर येणे साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

चालता चालता बंद पडतो

डिझेल टाकीचे झाकण सैल करून पाहा. ‘सूं’ असा आवाज आला आणि इंजिन पुन्हा नीट चालले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते साफ करायला एक पैसाही लागत नाही. मग फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी व गाळ काढा आणि मुदत संपलेले फिल्टर बदला.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूलाही तसेच करा. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल तर टाकी ते पंप या भागातील वॉशर व नळीचे जोड तपासा. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांना मात्र स्वतः हात लावू नका. तिथली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. नव्या कॉमन रेल इंजिनाची इंधनलाइन तर घरी अजिबात सोडू नये.

सेल्फ जड फिरतो

नवी बॅटरी घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर वापरा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. चालू असतानाही आकडा वर गेला नाही, तर दोष चार्जिंगकडे आहे. बॅटरी ठीक असेल तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडा आणि अर्थिंगची तार जिथे चासीला जोडली आहे तिथला गंज काढा.

गरम होतो

रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा पंख्याच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढा. इंजिन थंड असतानाच हे करा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कूलंट वापरा.

मग इंजिन कधी खोलायचे?

ऑइलची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसले, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. तेलात पाणी गेले आहे. ऑइल सतत कमी होणे, निळा धूर आणि ब्रीदरमधून जोरात येणारी वाफ ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर रिंगा-लायनर झिजल्याची शक्यता मोठी. तरीही आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून मागा. एकाच सिलिंडरचा कमी निघाला, तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचाही असू शकतो. मिस्त्रीकडे जाताना धुराचा रंग, इंजिन थंड होते की तापलेले, भार होता की नाही आणि शेवटचे ऑइल किती तासांपूर्वी बदलले, एवढे कागदावर लिहून न्या. बदललेले जुने सुटे भाग परत मागायला विसरू नका.