सावधानतेचा वारसा

चैत्र शुद्ध नवमी. माध्याह्नी मंदिरामंदिरांतून रामजन्माचा पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी मात्र या तिथीचे माहात्म्य दुहेरी आहे. इ. स. १६०८ मध्ये याच दिवशी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मास आला. तोच पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला.

विवाहमंडपात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण निघून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. हे भ्याडाचे पलायन तर नव्हे, अशी शंका कोणासही यावी. तिचे उत्तर त्या क्षणात नसून पुढील बारा वर्षांत आहे. नाशिकजवळ टाकळी येथे गोदावरी व नंदिनी यांच्या संगमात उभे राहून जप, नित्य सूर्यनमस्कार, माधुकरी आणि ग्रंथाध्ययन असा त्यांचा दिनक्रम परंपरा सांगते. जबाबदारी चुकविणारा मनुष्य स्वतःवर असे कठोर बंधन घालून घेत नाही.

म्हणूनच त्यांच्या उपदेशास अनुभवाचे बळ आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात ‘करंटलक्षण’ आणि ‘सदेवलक्षण’ हे समास लागोपाठ येतात. आळस, अतिनिद्रा, हयगय, व्यर्थ बडबड यांची तेथील यादी वाचताना वाचक स्वतःलाच आरशात पाहतो. परंतु समर्थ त्याला तेथेच सोडून देत नाहीत. रूप अभ्यासाने पालटत नाही, गुण मात्र अभ्यासाने जोडता येतात, हा दिलासा ते अन्यत्र देतात. करंटेपणा हा ललाटलेख नव्हे. ती जडलेली सवय आहे आणि जडलेली सवय सुटू शकते.

भयाचेही तसेच. मनाच्या २०५ श्लोकांत ते भेदरलेल्या मनाची खरडपट्टी काढतात आणि लगेच रामाच्या पाठीराखेपणाची ग्वाही देतात. कृष्णाखोऱ्याच्या परिसरात त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींतून भक्तीबरोबर शक्तीचीही उपासना रुजली. श्रद्धेला प्रयत्नाची जोड हवी, हाच त्याचा आशय होय.

परीक्षेच्या धास्तीने खचलेला विद्यार्थी, नापिकीने धीर सोडणारा शेतकरी, व्यसनाच्या विळख्यात सापडलेला तरुण, या सर्वांना जांबचा हा वारसा मोलाचा आहे. पहाटेचे उठणे, नेमाचे वाचन, अंगमेहनत आणि सत्संगती यांपैकी एक नेम जरी आजपासून निष्ठेने पाळला, तरी रामनवमी खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.