एव्होराच्या पांढऱ्या भिंती

बस एव्होराच्या तटबंदीबाहेर थांबते. दार उघडतं आणि उन्हाची झळ थेट तोंडावर येते. जुलैची सकाळ, अजून दहाही वाजलेले नाहीत. लिस्बन मागे राहिलंय 130 किलोमीटरवर. वाटेत खिडकीतून दिसत होती कॉर्कची झाडं. साल सोललेले तांबूस बुंधे, त्यांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा. साल कुठल्या वर्षी काढली, त्या वर्षाचा हा शेवटचा अंक. एकदा सोललं की नऊ वर्षं झाडाला कुणी हात लावत नाही.

खांद्यावर एकच बॅग. त्यात जुना कॅमेरा, एक 35 मिलिमीटरची लेन्स, पाण्याची बाटली, कालचा पाव आणि चीजचा तुकडा. ट्रायपॉड नाही. या उन्हात तो वाहणार कोण?

वेशीतून आत शिरलं की गल्ली लगेच अरुंद होते. पायाखाली दगडी फरशी, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेली. कुणाच्या तरी सुटकेसची चाकं खडखडत जातात, आवाज दोन्ही भिंतींवर आपटतो आणि वळणापलीकडे विरतो. भिंती चुन्याच्या. दारं-खिडक्यांच्या कडेनं आणि भिंतीच्या पायाशी रुंद पिवळे पट्टे, ओल्या हळदीसारखे. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरं निळी, लाल, पिवळी. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग फक्त चर्चला असायचा, असं तिकडे सांगतात. इथे, खुद्द पोर्तुगालात, मात्र अख्खं गाव पांढरं.

हा पांढरा रंग कॅमेऱ्याला फसवतो. चौकटभर चुनाच दिसला की यंत्राला वाटतं उजेड फार आहे, आणि ते फोटो राखाडी करून टाकतं. एक्स्पोजर एक स्टॉप वर घ्यायचं. मग भिंत पुन्हा चुन्याची होते आणि पिवळा पट्टा जागेवर येतो.

गल्ल्या चढत चढत जिराल्दो चौकात येतात. एका बाजूला कमानींची ओळ, खाली सावली. समोर संगमरवरी कारंजं, 1571 सालचं. त्याला आठ धारा. चौकात येणारे रस्तेही आठच, म्हणून आठ धारा असं म्हणतात. बाकावर चार म्हातारे बसलेत. सावली सरकते तसे तेही सरकतात. कुणी फार बोलत नाही. मधूनच एकजण टोपी काढतो, कपाळ पुसतो, पुन्हा घालतो.

कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यावी. एक युरोच्या आसपास पडते, म्हणजे आपले शंभर रुपये. बाहेर छत्रीखाली खुर्चीत बसलं की तीच कॉफी महागते. छत्रीखाली सगळे पाहुणे, काउंटरशी सगळे गावकरी. फोटोही काउंटरशीच चांगले मिळतात: पितळी दांडा, साखरेच्या पुड्या, वर्तमानपत्रावर टेकलेलं कोपर.

संत फ्रान्सिसच्या चर्चसमोर रांग आहे. अस्थींच्या चॅपेलची रांग. पुढे एक जर्मन कुटुंब, मागे शाळकरी पोरांचा गट. तिकिटाचे पैसे द्यायचे की नाही यावर माझा बराच वेळ विचार चालतो. देतो. आत एकदम गारवा. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग भिंती दिसतात. कवट्या, मांड्यांची हाडं, नडग्या, चुन्यात एकावर एक बसवलेल्या. खांबही त्यांनीच मढवलेले. सुमारे पाच हजार माणसं आहेत या खोलीत. गावातली दफनभूमी भरून वाहत होती, तेव्हा सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी ती हाडं काढून इथे रचली. पोरं आत येईपर्यंत खिदळत होती. आता गप्प आहेत.

फ्लॅशला मनाई. आयएसओ 3200 वर न्यायचा, खांबाला पाठ टेकायची, श्वास धरायचा. पाठ कशाला टेकली आहे ते नंतर लक्षात येतं.

एक ते तीन गाव बंद. शटर खाली, खिडक्यांच्या फळ्या लागलेल्या. आतून ताटल्यांचे आवाज आणि लसणाचा वास. गल्लीत एक मांजर, तेही गाडीखाली. एका खाणावळीत शिरतो. टेबलावर कागद अंथरलेला. न मागता पाव येतो, ऑलिव्ह येतात, चीज येतं. हे फुकट नसतं. हात लावला की बिलात. नको असेल तर हसून परत पाठवायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. मी पाठवतो आणि आसोर्डा मागवतो. खोल वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे, ठेचलेला लसूण, ऑलिव्हचं तेल, वरून कढत पाणी आणि एक अंडं. आणि कोथिंबीर. चिमूटभर नव्हे, मूठभर. युरोपात इतकी कोथिंबीर क्वचितच भेटते. गरिबांचं जेवण आहे हे, इथल्या आलेन्तेजू प्रांतातल्या शेतमजुरांचं. मालकीणबाई बिलाची बेरीज टेबलावरच्या कागदावरच पेन्सिलीनं करतात.

कॅथेड्रल वर टेकावर. ग्रॅनाइटचं, किल्ल्यासारखं. सोळाव्या शतकातला ऑर्गन आजही इथे आहे. जपानहून निघालेले किशोरवयीन दूत गोव्यात थांबून, समुद्र ओलांडून 1584 मध्ये या गावात पोचले आणि त्यातल्या दोघांनी इथला ऑर्गन वाजवला. आता आत कुणी वाजवत नाही. एक बाई मेणबत्त्यांचे ठिपके खरवडते आहे.

ऊन कलायला लागतं. उत्तरेकडच्या कानो गल्लीत जलवाहिनीच्या कमानी उतरत येतात. 1530 च्या दशकात बांधलेली, सुमारे 18 किलोमीटर लांबीची ही जलवाहिनी. उंच कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधली आहेत. खरीखुरी घरं. कमानीखाली दार, दाराला क्रमांक, खिडकीत जिरेनियम, वर दोरीवर चादर. एक आजी पायरीवर खुर्ची मांडतात. ‘बोआ तार्द’ म्हणतात. कॅमेऱ्याकडे बोट करून मी नजरेनंच विचारतो. त्या मान हलवतात: माझा नको, घराचा काढ.

सहाच्या सुमारास पर्यटकांच्या मोठ्या बसेस निघून जातात. रोमन मंदिराचा चौक रिकामा होतो. ग्रॅनाइटचे 14 स्तंभ उभे आहेत, माथ्याला आणि तळाला संगमरवर. पहिल्या शतकातलं बांधकाम. लोक डायनाचं मंदिर म्हणतात, पण ते बहुधा सम्राटाच्या पूजेसाठी होतं. पुढे स्तंभांमधली जागा भिंतींनी भरली आणि 1836 पर्यंत इथे खाटीकखाना चालला. त्या भिंतींनीच स्तंभ सांभाळले. इथे तिकीट नाही. बागेच्या कठड्यावर बसायचं, उरलेला पाव खायचा, थांबायचं. आठ वाजतात. ग्रॅनाइट राखाडीचा मधाळ होतो. पाकोळ्या किंचाळत स्तंभांमधून घुसतात. जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यानंतर दिवे लागतात. आकाश अजून निळं असतानाची ती दहा-पंधरा मिनिटं. आख्ख्या दिवसातले ठेवण्याजोगे फोटो बहुतेक याच वेळचे.

लिस्बनहून सकाळी येऊन संध्याकाळच्या बसनं परतायचा बेत असेल, तर तो बदला. एक रात्र राहा. तटबंदीबाहेर साधी खोली स्वस्त पडते आणि चालत दहा-पंधरा मिनिटांत आत येता येतं. जुलै-ऑगस्ट टाळा, पारा चाळिशीपार जातो. आणि 2027 मध्ये एव्होरा युरोपची सांस्कृतिक राजधानी आहे. रिकामा चौक हवा असेल तर ते वर्ष सोडून जा.